दुःख, आशा आणि शेवटचा न्याय : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न सभेत उभे राहून सहसा कुणी विचारत नाही. दवाखान्याच्या व्हरांड्यात, दफनविधी आटोपून हातपाय धुताना, बायबल अभ्यास संपल्यावर चपला शोधता शोधता ते निघतात. नाशिकमध्ये कॅथलिक, चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या आणि कितीतरी स्वतंत्र मंडळ्या शेजारी शेजारी आहेत. एकाच घरात दोन मंडळ्याही असतात. शिकवण जिथे वेगळी आहे तिथे तसे सांगितले आहे. वचनांचे संदर्भ सोबत आहेत. उत्तर पटले नाही, तर आधी ते उघडून पाहा.

'शेवटचा न्याय' म्हटले की छातीत धस्स होते. यात आशा कुठे आली?

मराठीत 'न्याय' आपण दोन तऱ्हांनी बोलतो. कुणी आपला न्याय करणार म्हटले की पोटात गोळा येतो. आपल्याला न्याय मिळणार म्हटले की जीव भांड्यात पडतो. शास्त्रात ही एकाच गोष्टीची दोन टोके आहेत. जुन्या करारातल्या ज्या पुस्तकाला आपण 'शास्ते' म्हणतो, त्याच्या इब्री नावाचा अर्थ 'न्याय करणारे' असाच होतो. हे शास्ते करतात काय? दबोरा ताडाखाली बसून निवाडे देते खरी, पण गिदोनासारखे बाकीचे जुलमाखाली दबलेल्या लोकांना सोडवतात. न्याय करणे म्हणजे वाकडे झालेले सरळ करणे.

म्हणून ९८ व्या स्तोत्रात नद्या टाळ्या वाजवतात, डोंगर गाऊ लागतात. कारण काय, तर परमेश्वर पृथ्वीचा न्याय करायला येत आहे. शिक्षा होणार म्हणून कुणी टाळ्या वाजवत नाही. ज्याचे सातबाऱ्यावरचे नाव भाऊबंदांनी गुपचूप उडवले, ज्याची मजुरी मुकादमाने गिळली, जिची तक्रार कुणी लिहूनच घेतली नाही, अशा माणसाला फाइल अजून बंद झालेली नाही असे कळले, तर तो टाळ्या वाजवील. धस्स होते की हायसे वाटते, हे त्या फाइलीत आपण कुठल्या बाजूला आहोत यावर ठरते. बहुतेक जण दोन्ही बाजूंना असतो, म्हणून दोन्ही वाटते. नुसतेच हायसे वाटत असेल तर आमोस ५:१८ वाचावे. न्याय फक्त दुसऱ्यांचाच होणार असे धरून चाललेल्या लोकांना तिथे चांगलेच सुनावले आहे.

ख्रिस्ती आशा म्हणजे 'होईल सगळं नीट' असे म्हणत राहणे का?

नाही. 'पाऊस पडेल अशी आशा आहे' या वाक्यात आशेपेक्षा शंका जास्त. नव्या करारातली आशा आधीच घडलेल्या गोष्टीवर टेकलेली आहे. ख्रिस्त मेलेल्यांतून उठला, तो 'प्रथमफळ' आहे, असे १ करिंथ १५:२० म्हणते. प्रथमफळ म्हणजे त्याच पिकातला पहिला माल. तो हाती आला म्हणजे मागचे पीक येते आहे.

इब्री ६:१९ मध्ये आशेला 'नांगर' म्हटले आहे, आणि इथे आपल्याकडचा वाचक हमखास अडखळतो. नाशिककराच्या डोळ्यांपुढे शेतातला नांगर येतो आणि वाक्याचा अर्थ लागत नाही. हा नांगर गलबताचा, तळाला रुतून जहाज जागी धरून ठेवणारा. तो पाण्याखाली असतो, दिसत नाही. दोर ताणला जातो तेव्हाच कळते की तो लागला आहे. वादळ त्याने थांबत नाही, जहाजाचे हेलकावेही थांबत नाहीत. ते वाहून जात नाही, इतकेच.

नाशिकमधली शरणपूरची वस्ती चर्च मिशनरी सोसायटीने १८५४ मध्ये वसवली. गुलामांच्या व्यापारातून सोडवलेली आफ्रिकन मुले तिथे शिकली. त्यांपैकी जेकब वेनराइट १८७३ मध्ये आफ्रिकेत वारलेल्या डेव्हिड लिव्हिंग्स्टन या मिशनरी प्रवाशाच्या सोबत्यांत होता, आणि आजच्या झांबियात लिव्हिंग्स्टनचे हृदय पुरले तेव्हा दफनाची प्रार्थना त्यानेच वाचली. अँग्लिकन विधीतली ती प्रार्थना पुनरुत्थानाच्या 'निश्चित व खात्रीच्या आशेने' माती मातीच्या स्वाधीन करते. 'आशा' आणि 'खात्री' हे शब्द एकत्र कसे नांदतात असे कुणी विचारले, तर ते शब्द कुणी वाचले हे आधी सांगावे.

हे माझ्या कर्माचे भोग आहेत का? गेल्या जन्मीचे काही?

गेल्या जन्माची कल्पना ख्रिस्ती शिकवणीत नाही. माणसाला एकदाच मरणे आणि त्यानंतर न्याय नेमलेला आहे (इब्री ९:२७). पण खरा प्रश्न वेगळाच असतो : 'माझ्या पापामुळेच हे झाले ना?' शिष्यांनी जन्मांध माणसाकडे बोट दाखवून नेमके हेच विचारले. पाप याचे की याच्या आईबापांचे? येशूने दोन्ही पर्याय नाकारले (योहान ९:३). शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसे मेली, तीही इतरांपेक्षा जास्त पापी नव्हती असे त्याने सांगितले (लूक १३:४).

काही दुःखांना उघड कारण असते. वीस वर्षे दारू पिऊन यकृत गेले, तर पेरले तेच उगवले. पण दुःख दिसले म्हणून मागे पाप शोधत जायचे, हा उलटा हिशेब ईयोबाच्या मित्रांनी केला आणि देवाने त्यांनाच दोषी ठरवले (ईयोब ४२:७). शोकघरी बसून असा हिशेब मांडणारा कुणी असेल, तर त्याला चहा देऊन बाहेर न्यावे.

मग देव आत्ताच का थांबवत नाही?

मण्यांत पाणी उतरलेली द्राक्षबाग पंधरा मिनिटांच्या गारपिटीत जमीनदोस्त होते. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये जिल्ह्याने ते पाहिले. त्या बागेत उभे राहून 'देवाची काहीतरी योजना असेल' असे म्हणणे सोपे असते, आणि निर्दयही. प्रत्येक दुःखाचे कारण शास्त्र सांगत नाही. ते तीन गोष्टी सांगते. सगळी सृष्टी कण्हते आहे आणि ते कण्हणे बाळंतपणाच्या वेणांसारखे आहे (रोम ८:२२). देवही त्या कण्हण्याच्या बाहेर नाही. आत्मा आपल्यासाठी अनिर्वाच्य कण्हण्याने विनंती करतो (८:२६), आणि पुत्र वधस्तंभावर गेला. आणि याला शेवट आहे.

उशीर का, याचे एक उत्तर मत्तय १३ मधल्या निदणाच्या दाखल्यात आहे. ते निदण म्हणजे बहुतेक अभ्यासकांच्या मते गव्हातच उगवणारे, गव्हासारखेच दिसणारे विषारी गवत. ओंबी बाहेर पडेपर्यंत ते ओळखू येत नाही, आणि ओळखू येते तोवर मुळे गव्हाच्या मुळांत गुंतलेली असतात. चाकर विचारतात, उपटू का? धनी म्हणतो, नको, गहूही उपटाल. कापणीपर्यंत थांबा. हे थांबणे दुर्लक्ष नव्हे. गव्हाची एक काडीही वाया जाऊ नये म्हणून ते आहे (२ पेत्र ३:९ तेच म्हणते).

या दाखल्याचा गैरवापर फार होतो. मंडळीतल्या पैशाची अफरातफर किंवा लेकरांवरचा अत्याचार झाकायला 'निदण राहू द्या' असे ऐकवले जाते. दाखल्यात शेत म्हणजे जग आहे (१३:३८), मंडळीची कमिटी नव्हे.

मेल्याबरोबर न्याय होतो की शेवटच्या दिवशी?

कॅथलिक शिकवण दोन्ही सांगते : मरताच प्रत्येकाचा वैयक्तिक न्याय, आणि शेवटी सगळ्यांचा एकत्र. १३३६ मध्ये पोप बारावे बेनेडिक्ट यांनी हे अधिकृतपणे मांडले. शुद्ध होणे बाकी आहे अशांसाठी शुद्धिस्थान, म्हणून २ नोव्हेंबरला मृतांसाठी मिस्सा व कबरींवर मेणबत्त्या. प्रोटेस्टंट मंडळ्या शुद्धिस्थान मानत नाहीत; विश्वासणारा मरताच ख्रिस्ताजवळ जातो (फिलिप्पै १:२३), असे त्या शिकवतात. शेवटच्या दिवसाबद्दल मात्र दोघांचे एकमत आहे, आणि ते बहुतेक घरी ठाऊक नसते : शेवटची आशा 'आत्मा स्वर्गात गेला' इथे थांबत नाही. शरीर उठते. प्रकटीकरण २१ मध्ये माणसे वर जात नाहीत, नगरी खाली उतरते.

न्याय कशावरून होणार, विश्वासावरून की कामांवरून?

जो ख्रिस्तात आहे त्याला दंडाज्ञा नाही (रोम ८:१). आणि आपण सगळ्यांनी ख्रिस्ताच्या न्यायासनासमोर उभे राहायचे आहे (२ करिंथ ५:१०). दोन्ही वाक्ये पौलाचीच. तारण कमावता येत नाही. पण जीव कुठे रुजला होता ते फळांवरून उघड होते. १ करिंथ ३ मध्ये ख्रिस्त हा पाया शाबूत राहतो आणि वर बांधलेला पेंढा जळून जातो.

मत्तय २५ मध्ये तपासणीची यादी फार छोटी आहे : भुकेल्याला अन्न, तान्हेल्याला पाणी, परक्याला घर, उघड्याला वस्त्र, आजाऱ्याची विचारपूस, तुरुंगातल्याची भेट. उजवीकडचेही चकित होतात, डावीकडचेही. कुणालाच आठवत नाही की तो भेटला होता. इथे उतरवायचे झाले तर परका म्हणजे पेठ-सुरगाण्याहून छाटणीला आलेली आणि शेडमध्ये झोपणारी जोडपी. त्यांची मजुरी अडवून ठेवणाऱ्याबद्दल याकोब ५:४ वाचा. ती मजुरीच ओरडते, असे तिथे आहे. द्राक्षबाग असलेल्या ख्रिस्ती घरांत हे वचन भिंतीवर लावलेले क्वचितच दिसते. तुरुंगभेटीसाठी नाशिकरोड कारागृहात आधी लेखी परवानगी लागते. फळांची पिशवी घेऊन थेट गेटवर जाऊ नये, परत पाठवतात.

ज्याने वाटोळे केले त्याला क्षमा करायची, मग तक्रार करायची की नाही?

करायची. क्षमा म्हणजे सूड आपल्या हातातून देवाच्या हाती देणे (रोम १२:१९). झाले ते झालेच नाही असे म्हणणे ती नव्हे. पुढच्याच अध्यायात पौल सरकारी अधिकाऱ्याला देवाचा सेवक म्हणतो. लूक १८ मधली विधवा त्या बेपर्वा न्यायाधीशाकडे खेटे घालत राहते, आणि येशू तिला प्रार्थनेचा नमुना म्हणून उभी करतो. कोर्टात तारखांवर तारखा खाणाऱ्याला ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. घरात मारहाण होत असेल तर 'सहन कर, देव बघतोय' हा सल्ला पाळकांनीही देऊ नये. महिलांसाठी १८१, तातडीची पोलीस मदत ११२.

नरक खरा आहे का?

मराठी बायबलमध्ये दोन वेगळे शब्द आहेत आणि ते एकमेकांत मिसळतात. 'अधोलोक' म्हणजे मेलेल्यांचे ठिकाण. 'नरक' हा 'गेहेन्ना'साठी येतो, म्हणजे यरुशलेमेजवळची हिन्नोमाची खोरी, जिथे एके काळी लेकरे जाळून बळी दिली गेली (यिर्मया ७:३१). तिथे शहराचा कचरा सतत जळत असे, हे संदेशांत हमखास सांगतात. त्याचा लेखी उल्लेख मात्र फार उशिराचा, मध्ययुगातला आहे. नव्या करारात 'गेहेन्ना' बारा वेळा येतो, त्यांपैकी अकरा वेळा येशूच्याच तोंडी. त्यामुळे तो गाळून टाकता येत नाही. देवाला कायमचे नाकारता येते, हे त्यामागचे गांभीर्य. अमुक मेलेला माणूस तिथेच आहे असे सांगण्याचा अधिकार मात्र कुणालाही दिलेला नाही.

आमचे आजी-आजोबा ख्रिस्ती नव्हते. त्यांचे काय?

मराठी ख्रिस्ती घरांत हा प्रश्न सगळ्यात जास्त टोचतो आणि सगळ्यात कमी बोलला जातो. सर्व जगाचा न्यायाधीश योग्य तेच करणार नाही काय, हे अब्राहामाचे वाक्य (उत्पत्ती १८:२५) इथे धरून ठेवावे. ज्यांना नियमशास्त्र मिळाले नाही त्यांच्या अंतःकरणावर ते लिहिलेले आहे (रोम २:१५). स्वतःचा दोष नसता ज्यांना सुवार्ता कळली नाही, पण जे मनापासून देवाला शोधतात, त्यांचेही तारण होऊ शकते, असे कॅथलिक मंडळीने दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत १९६४ मध्ये स्पष्ट म्हटले. बऱ्याच प्रोटेस्टंट मंडळ्या इतके पुढे जात नाहीत आणि निकाल देवावर सोपवतात.

६६६, आधार, लस, अमुक तारखेला जगाचा अंत?

६६६ हा प्रकटीकरण १३ मधल्या श्वापदाचा आकडा. तो आधारशी, लसीशी किंवा एखाद्या तारखेशी जोडणारे निरोप फॉरवर्ड करू नका. तो दिवस पुत्रालाही ठाऊक नाही (मार्क १३:३२). अमेरिकेत विल्यम मिलरच्या अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ ही तारीख धरली होती. २३ ऑक्टोबर नेहमीसारखा उजाडला.

विश्वासाने प्रार्थना केली की बरे वाटते म्हणतात. औषध बंद करावे का?

नाही. पौलाने तीमथ्याला पोटासाठी द्राक्षारस घ्यायला सांगितले (१ तीमथ्य ५:२३), त्रफिमाला मिलेतात आजारीच सोडून तो पुढे गेला (२ तीमथ्य ४:२०), आणि स्वतःच्या 'शरीरातला काटा', म्हणजे सतत छळणारा त्रास, निघावा म्हणून तीनदा केलेली विनंती मान्य झाली नाही. त्यांचा विश्वास कमी होता असे कुणी म्हणत नाही. इन्सुलिन, केमो किंवा टीबीचा कोर्स मध्येच सोडायला सांगणारा माणूस कितीही मोठ्याने प्रार्थना करत असला, तरी त्याचे ऐकू नये.

दहन चालते का? आणि रामकुंडावर अस्थी?

देव मातीतून उठवतो तसा राखेतूनही उठवू शकतो, त्यामुळे दहनाने पुनरुत्थान अडत नाही. कॅथलिक मंडळीने १९६३ पासून दहनाला मुभा दिली आहे, मात्र दफन बरे मानले जाते. व्हॅटिकनच्या २०१६ च्या सूचनेप्रमाणे राख घरी ठेवू नये, विखरू नये, वाटून घेऊ नये; ती कबरस्थानात किंवा तशाच पवित्र जागी ठेवावी. म्हणजे गोदावरीतले विसर्जन कॅथलिकांसाठी बसत नाही. इतर मंडळ्यांत आधी पाळकांशी बोलावे.

अडचण होते ती अर्धे घर हिंदू असताना. नातेवाईक प्रेमापोटीच दहाव्याचा आग्रह धरतात, आणि वाद घाटावर, सगळ्यांसमोर पेटतो. म्हणून हयातीतच एका कागदावर लिहून ठेवा : दफन की दहन, कोणत्या मंडळीत, कोणते पाळक किंवा फादर, कोणती दोन गीते. खाली सही, तारीख, दोन नातेवाइकांच्या सह्या (त्यांपैकी एक हिंदू असलेला बरा). कागद आधार कार्डाच्या पाकिटात ठेवा. कपाटाच्या लॉकरमध्ये ठेवला तर तो तेराव्या दिवशी सापडतो. उलट बाजूने, हिंदू आत्याच्या दहाव्याला ख्रिस्ती भाच्याने जावे, शांत उभे राहावे, जेवून यावे. पिंड देणार नाही हे आदल्या दिवशी फोनवर सांगावे.

आत्महत्या केलेल्याला आशा आहे का?

आहे. ख्रिस्ताच्या प्रीतीपासून मरणही वेगळे करू शकत नाही (रोम ८:३८-३९). तीव्र मानसिक यातनेत माणसाची जबाबदारी कमी होते आणि त्याच्या तारणाविषयी निराश होऊ नये, असे कॅथलिक धर्मशिक्षणातही लिहिले आहे. दफनविधी नाकारण्याची जुनी रीत आता उरलेली नाही. कबरस्थानाच्या कोपऱ्यात वेगळी जागा दाखवणाऱ्याला हे सांगा.

जिवंत माणूस असे काही बोलू लागला तर सरळ विचारा : 'जीव द्यावा असं मनात येतंय का?' विचारल्याने विचार बळावत नाही. त्याला एकटे सोडू नका. घरातली फवारणीची औषधे त्याच दिवशी दुसऱ्याच्या घरी हलवा. कुलूप पुरेसे नाही, किल्ली त्यालाही माहीत असते. टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन : १४४१६, फुकट, चोवीस तास. प्रार्थना करा, आणि गाडी काढून दवाखान्यातही न्या.

शोकघरी किंवा आजाऱ्यापाशी नेमके काय करावे?

आधी बसा. ईयोबाचे मित्र सात दिवस गप्प बसले तोवर बरोबर होते. तोंड उघडल्यावर बिघडले. नाव घेऊन बोला, 'मयत' म्हणू नका. वाचायचेच तर १३ वे स्तोत्र घ्या. सहाच वचने आहेत, मिनिटाभरात होतात, आणि उतारही नीट आहे : पहिल्या दोनांत 'कोठवर?' हा प्रश्न पुन्हा पुन्हा, मधल्या दोनांत मागणे, शेवटच्या दोनांत भरवसा. घाईने थेट पाचव्या वचनावर उडी मारू नका. दोन वचने रडून झाल्याशिवाय ते बसत नाही. आजारी माणूस अगदीच खचला असेल तर ८८ वे. ते अंधारातच संपते, तरी ती प्रार्थनाच आहे. प्रार्थना चार वाक्यांची असावी, संदेश नको. कॅथलिक आजाऱ्याला तेल लावण्याच्या संस्कारासाठी आजारी शुद्धीवर असतानाच फादरांना बोलवा. व्हेंटिलेटर लागल्यावर फोन करण्याची सवय वाईट. पवित्र भाकर मग देता येत नाही.

'देवाला ती आवडली म्हणून नेली' हे लहान मुलांसमोर कधीही बोलू नये. मुले तो अर्थ अक्षरशः घेतात आणि रात्री देवाला घाबरतात.

कबरीवर कोणते वचन कोरावे?

लहान. दोन फुटी फरशीवर नाव, जन्म, मृत्यू लिहिल्यावर आठ-दहा शब्दांपुरतीच जागा उरते. त्याहून जास्त कोरले की अक्षर बारीक होते आणि काही पावसाळ्यांत शेवाळाने भरते. ईयोब १९:२५ मधले 'माझा उद्धारक जिवंत आहे' चार शब्दांत बसते. मजकूर कारागिराला फोनवर सांगू नका, मोबाइलवरचा फोटोही पाठवू नका. जोडाक्षरे तुटतात, 'उद्धारक'चा 'उध्दारक' होतो. मोठ्या अक्षरांत छापलेला कागद द्या, बायबल समोर ठेवून वचनाचा क्रमांक दोघांनी तपासा, आणि छिन्नी लागण्याआधी खडूने आखलेले एकदा स्वतः जाऊन वाचा.